चित्राची मागची बाजू: काळा घोड्याची चित्रदालनं, एका फ्रेमवाल्याने पाहिलेली

माझं गिरगावात फ्रेमचं दुकान आहे. वडील देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि पदवीची प्रमाणपत्रं मढवायचे. मी १९८८ मध्ये दुकानात बसलो आणि हळूहळू चित्रकारांची कामं घेऊ लागलो. त्यामुळे चित्र मला पहिल्यांदा भेटतं ते पाठमोरं. ब्लँकेट अंथरलेल्या टेबलावर कॅनव्हास पालथा घालायचा, स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीच्या, कोपऱ्यांतल्या पाचरी बोटाने चाचपायच्या आणि मग मागे काय लिहिलंय, काय चिकटवलंय ते वाचायचं. चित्रकाराची सही, साल, कधी पेन्सिलीने लिहून खोडलेली किंमत. गॅलरीची चिठ्ठी आणि तिच्यावरचा नंबर. एखाद्या स्पर्धेला पाठवलं असेल तर तिथली पावती. आणि फार थोड्या चित्रांच्या मागे संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक. या शहरात चित्रकार, गॅलऱ्या आणि संग्रहालय यांचं एकमेकांशी कसं चाललंय, हे मला वर्तमानपत्रापेक्षा त्या मागच्या बाजूवरून जास्त कळत आलंय.

गेल्या महिन्यात पुतणीला घेऊन दिवसभर दक्षिण मुंबईतल्या काळा घोड्याला फिरलो. तिला जे. जे. कला महाविद्यालयात प्रवेश घ्यायचाय. संध्याकाळी चर्चगेटकडे चालताना ती म्हणाली, "काका, हे सगळं तुम्ही मला सांगितलंत तसं लिहून काढा ना. माझ्या मैत्रिणींना तर आत जायचीच भीती वाटते. तिकीट किती असेल, काही विकत घ्यावं लागेल का, हेच माहीत नसतं." म्हणून हे लिहितोय. आधी तिच्या मैत्रिणींसाठी: जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही. खासगी गॅलऱ्यांनाही तिकीट नाही, काही विकत घ्यावं लागत नाही, आत कोणी हटकत नाही. रस्त्यापलीकडच्या एनजीएमएला, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला, माणशी वीस रुपये. सोमवारी एनजीएमए बंद असतं आणि रविवारी बहुतेक खासगी गॅलऱ्या बंद असतात, म्हणून मंगळवार ते शनिवार यातला एक दिवस धरा. अकराला सुरुवात केली तर घाई होत नाही.

सुरुवात जहांगीरपासूनच करावी. ही इमारत १९५२ ची. मुलाच्या स्मरणार्थ सर कावसजी जहांगीर यांनी पैसा दिला; चित्रकार के. के. हेब्बर आणि होमी भाभा यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. त्याआधी मुंबईतल्या चित्रकाराला चित्रं लावायला हक्काची भिंत नव्हती. दारावरचं ते लाटांसारखं वळलेलं सिमेंटचं छत आज साधं वाटतं, पण सगळीकडे दगडी कमानी असलेल्या भागात तेव्हा ते किती नवं दिसलं असेल, असं मला दर वेळी वाटतं. बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात, समोर बसवून पंधरा-वीस मिनिटांत तुमचं स्केच काढून देतात. आत जाण्याआधी तिथे थांबा. त्यांच्यातले काही जण रीतसर शिकलेले आहेत आणि त्यांचा हात आत लावलेल्या काही चित्रांपेक्षा सरस असतो. हे मी दुकानात आलेली कामं पाहून सांगतोय.

आतली रीत समजून घेतली की चित्रं वेगळी दिसतात. जहांगीर ही भाड्याने मिळणारी जागा आहे. चित्रकार अर्ज करतो, निवड होते, आणि नंबर लागायला कितीतरी वर्षं जातात. मग एक आठवडा मिळतो. मंगळवारी चित्रं लागतात, सोमवारी संध्याकाळी उतरतात. त्या सात दिवसांचं भाडं, फ्रेमा, टेम्पो, निमंत्रणपत्रिका, मुंबईतला मुक्काम, सगळा खर्च चित्रकाराचा. म्हणून जहांगीरमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर जो माणूस बसलेला दिसतो, हातात वही, शेजारी पाण्याची बाटली, तो बहुतेक वेळा स्वतः चित्रकारच असतो. त्याच्याशी बोला. एवढ्या मोठ्या शहरात अनोळखी माणसाने चित्रासमोर उभं राहून चित्रकारालाच विचारावं, "हे कुठलं गाव?", अशी दुसरी जागा मला माहीत नाही. माझ्या लेखी जहांगीरचं सगळ्यात मोठं मोल हेच. नांदेडचा शिक्षक, सांगलीची गृहिणी, कणकवलीचा मूर्तिकार, कोणीही इथे सात दिवसांसाठी मुंबईचा चित्रकार होतो.

कोल्हापूरचे एक चित्रकार होते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. ड्रॉइंग मास्तर म्हणून नोकरी केली आणि सुट्टीत पंचगंगेचे घाट, पन्हाळ्याचा रस्ता, गुऱ्हाळं अशी जलरंगातली निसर्गचित्रं काढली. १९९४ मध्ये त्यांचा जहांगीरला नंबर लागला. बत्तीस चित्रं घेऊन ते रात्रीच्या गाडीने आले, स्टेशनवरून थेट माझ्या दुकानात. म्हणाले, "मिस्त्री, फ्रेम अशी करा की ती दिसू नये." एक इंचाची सागवानी पट्टी, पॉलिश अगदी फिकं, आणि चित्राभोवती दुधाळ रंगाचा माउंट, म्हणजे जाड कागदाची किनार, खालच्या बाजूला पाव इंच जास्त. बत्तीसच्या बत्तीस फ्रेमा चार दिवसांत केल्या. सात दिवस ते खुर्चीवर बसले. नऊ चित्रं गेली. कोणी कुठलं नेलं ते त्यांनी शाळेच्या वहीत लिहून ठेवलं, आणि परत जाताना ती वही माझ्याकडेच विसरले. मी फोन केला तर म्हणाले, "राहू दे तिथंच. पुढच्या वेळी येतो तेव्हा नेतो." पुढची वेळ आली नाही. वही माझ्या गल्ल्याखालच्या खणात राहिली. या वहीकडे पुन्हा येईन.

जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केकू आणि खुर्शीद गांधी यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. या नावाचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान आहे. केमोल्ड म्हणजे केमिकल मोल्डिंग, म्हणजे फ्रेमच्या पट्ट्या! १९४० च्या दशकात केकू गांधींचा धंदा फ्रेमांचा होता आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानात फ्रेमा खपाव्यात म्हणून ते त्यात आरा, हेब्बर, हुसेन अशा तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रं लावायचे. गिऱ्हाईक फ्रेम बघायला यायचं आणि चित्र बघून जायचं. प्रिन्सेस स्ट्रीट माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. माझे वडील सांगायचे, त्या दुकानाच्या काचेसमोर माणसं उगाच उभी राहायची. याच केकूंनी जहांगीर उभं राहावं म्हणून धडपड केली, आणि पुढे रस्त्यापलीकडच्या एनजीएमएसाठीही. मुंबईच्या तीन प्रकारच्या भिंती, भाड्याची, खासगी आणि सरकारी, या तिन्हींच्या मुळाशी एका फ्रेमवाल्याचा हात आहे, हे पुतणीला सांगताना माझा आवाज जरा चढलाच असणार, कारण शेजारचे दोघे वळून बघायला लागले.

खाली जहांगीरमध्येच सामोवार होतं, १९६४ पासून. बोगीसारखा लांबट कॅफे, पलीकडे म्युझियमची, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, बाग. चित्रं पोचवून झाली की मी तिथे चहा प्यायचो. एका टेबलावर प्रदर्शन लावलेला चित्रकार, शेजारच्या टेबलावर समीक्षक, त्याच्या पलीकडे चित्रं विकत घेणारा डॉक्टर, आणि कोपऱ्यात चहा पुरवून पुरवून पिणारी जे. जे. ची पोरं. ओळखी तिथेच व्हायच्या. पाठीमागे चिठ्ठी न लागता जी नाती जुळली ती तिथली. ३१ मार्च २०१५ ला ते बंद झालं. चित्रकार आणि घेणारा यांना एका टेबलाशी बसवणारी तशी स्वस्त जागा या भागात पुन्हा झालेली नाही आणि ती व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. व्हाइट वाइनच्या उद्घाटनाला कोल्हापूरचा मास्तर जाऊन उभा राहत नाही.

केमोल्ड २००७ मध्ये फोर्टात प्रेस्कॉट रोडवरच्या क्वीन्स मॅन्शनमध्ये गेली. जहांगीरपासून रमतगमत दहा मिनिटं. उंच छताची मोठी, पांढरी जागा. पुतणी दारातच थबकली, कारण आत आम्ही दोघंच होतो. तिला म्हटलं, जा बिनधास्त. टेबलावर चित्रांची यादी ठेवलेली असते, ती हातात घ्यायची, भिंतीवरच्या नंबरशी ताडून बघायची. किंमत विचारली तर सांगतात. खासगी गॅलरीचं गणित जहांगीरपेक्षा वेगळं. इथे चित्रकार भाडं देत नाही. गॅलरी चित्रकार निवडते, प्रदर्शनाचा खर्च करते, आणि चित्र विकलं गेलं की किमतीतला तिसरा ते अर्धा हिस्सा ठेवते. ऐकायला तो फार वाटतो. पण चांगली गॅलरी त्या हिश्शात एक काम करते ज्याची किंमत चित्रकाराला फार उशिरा कळते: ती नोंद ठेवते. कुठलं चित्र, कुठल्या साली, कोणाकडे गेलं, पुढे कोणाकडे फिरलं, त्याचा चांगला फोटो, कुठे छापून आलं. तीस वर्षांनी एखाद्या संग्रहालयाला त्या चित्रकाराचं मोठं प्रदर्शन करायचं असतं तेव्हा पहिला फोन गॅलरीला जातो.

सगळ्याच गॅलऱ्या चांगल्या नसतात. एका गॅलरीतून माझ्याकडे एकदा सहा चित्रं परत आली, तीन काचा तडकलेल्या, एका कागदावर काचेचा तुकडा घासून ओरखडा उठलेला. चित्रकार मुलगी माझ्या दुकानात उभी राहून रडली, कारण नुकसानीचं बिल तिच्याच हिशेबातून कापलं होतं. मी सहाही चित्रं उलटी केली. तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या, आधीच्या प्रदर्शनाच्या चिठ्ठ्या कोणीतरी पाण्याने भिजवून खरवडून काढल्या होत्या आणि त्या जागी नवी छापील चिठ्ठी होती. काच मी दुसरी घातली. खरवडलेलं परत कसं आणणार? तेव्हापासून तरुण चित्रकारांना सांगतो: पावती घ्या, चित्र देताना मागून-पुढून फोटो काढा, आणि नाव-साल चिठ्ठीवर लिहू नका, स्ट्रेचरच्या लाकडावर लिहा.

आता रस्ता ओलांडू. जहांगीरकडून म्युझियमच्या कुंपणाच्या कडेने रिगल सिनेमाकडे चालत गेलं की समोर एनजीएमए. इमारत आहे सर कावसजी जहांगीर हॉलची, १९११ ची, शेजारच्या म्युझियमचाच वास्तुकार जॉर्ज विटेट याची. हॉल बापाच्या पैशातून, रस्त्यापलीकडची गॅलरी त्याच नावाच्या मुलाच्या पैशातून. एकाच घराण्याने दोन्ही बाजूंना भिंती दिल्या. सभा, मैफली यांचा तो जुना हॉल पडून राहिला होता. तिथे संग्रहालय व्हावं म्हणून शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि केकू गांधी यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. १९९६ मध्ये ते सुरू झालं. पिलूबाई १९८६ मध्येच गेल्या होत्या.

जागा म्हणून मला एनजीएमए फार आवडतं. बाहेरून जुनं दगडी, आत गेलं की अर्धगोल मजले एकावर एक चढत जातात, जिन्याने फिरत फिरत वर गेलं की शेवटी घुमट. खालच्या मजल्यावर बघितलेलं चित्र वरून परत दिसतं, आणि लांबून ते वेगळंच निघतं. एकाच चित्रकाराचं आयुष्यभराचं काम लावायला यासारखी इमारत मुंबईत दुसरी नाही: विशीतली चित्रं तळाला, मग चढत जायचं. म्हाताऱ्यांनी मात्र गुडघ्यांचा विचार करून जावं.

मी तिथे चित्रकार प्रभाकर बरव्यांचं प्रदर्शन पाहिलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये. बरवे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे, १९९५ मध्ये गेले. कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरायचे, तोच जो आपण खिडकीच्या गजांना लावतो. त्याची ती गुळगुळीत, शांत पातळी मला आधी फोटोत कधी कळली नव्हती. घड्याळ, पान, फळ, रिकामी जागा. त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. मी एका डायरीच्या पानासमोर एवढा वेळ उभा होतो की पहारेकऱ्याने खुर्ची आणून दिली.

त्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला, ८ फेब्रुवारीला, जे झालं ते बहुतेकांना आठवत असेल. अमोल पालेकर बोलत होते. ते स्वतः जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेले. एनजीएमएच्या मुंबई आणि बंगळुरूच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या आता राहिलेल्या नाहीत, यापुढे स्थानिक चित्रकारांच्या सिंहावलोकनी, म्हणजे आयुष्यभराच्या कामाच्या, प्रदर्शनांना फक्त घुमटाखालचा मजला मिळणार आणि बाकीच्या मजल्यांवर संस्थेचा स्वतःचा संग्रह राहणार, हे निर्णय आता दिल्लीत होणार, असं ते सांगत होते. त्यांना मध्येच थांबवून बरव्यांपुरतंच बोलायला सांगितलं गेलं. चॅनेलवाल्यांनी दोन दिवस त्यावरून पालेकर आणि बोलण्याचं स्वातंत्र्य एवढीच चर्चा केली. ती महत्त्वाची होतीच. पण माझ्या दुकानात येणाऱ्या चित्रकारांना पोटात खड्डा पडला तो दुसऱ्या गोष्टीने: पाचाऐवजी एक मजला, आणि समिती नाही.

समिती म्हणजे काय, हे चित्रकला क्षेत्राबाहेरच्या माणसाला कळत नाही. चार कलावंत महिन्या-दोन महिन्यांनी बसून चहा पितात, असं वाटतं. पण संग्रहालयाला जो चित्रकार ठाऊक नसतो तो या चौघांना ठाऊक असतो. ज्याच्या मागे गॅलरी आहे त्याची शिफारस गॅलरी करते, ते तिचं कामच आहे. ज्याच्या मागे कोणी नाही, ज्याने तीन वेळा जहांगीरचा आठवडा घेतला आणि उरलेली वर्षं अमरावतीत किंवा मिरजेत शांतपणे काम केलं, त्याचं नाव त्या टेबलावर कोण घेणार? त्याच्याबरोबर शिकलेला, त्याचं काम डोळ्यांनी पाहिलेला एखादा चित्रकारच. दिल्लीतल्या फायलीत त्याचं नाव उगवणार नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चित्रकार सुधीर पटवर्धनांचं सिंहावलोकन एनजीएमएमध्ये लागलं आणि २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत होतं. कला-अभ्यासक नॅन्सी अदजानिया यांनी ते रचलं होतं आणि द गिल्ड ही गॅलरी त्यामागे उभी होती. पटवर्धन २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते. दिवसा लोकांच्या छातीचे एक्स-रे बघायचे आणि बाकीच्या वेळात तीच माणसं रंगवायची: लोकलमधली, पुलावरची, इराण्याच्या हॉटेलातली, गिरण्या गेल्यानंतरच्या लोअर परळमधली. मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा दुकानातल्या दोन्ही कारागिरांना घेऊन गेलो, दुकान बंद ठेवून. त्यातला एक ठाण्याचा. एका चित्रासमोर तो म्हणाला, "शेठ, ही आमच्या मागची टेकडी." तासभर तो तिथून हलला नाही. चित्र बघायला शिकवावं लागतं, असं म्हणणाऱ्यांनी त्याला तिथे बघायला हवं होतं.

असं प्रदर्शन उभं कसं राहतं, ते धंद्यामुळे मला थोडं माहीत आहे. चित्रं पन्नास घरांत पांगलेली असतात. प्रत्येक मालकाची परवानगी काढायची, प्रत्येक चित्राची स्थिती लिहून घ्यायची, त्याच्या भिंतीवरच्या खिळ्यापासून संग्रहालयातल्या खिळ्यापर्यंत आणि परत असा विमा उतरवायचा, पेट्या करायच्या, पुस्तक छापायचं. सरकारी संग्रहालयाकडे जागा असते, नाव असतं. हे सगळं करणारी माणसं आणि ओळखी बऱ्याचदा गॅलरीकडे किंवा एखाद्या प्रतिष्ठानकडे असतात. म्हणून ते एकत्र येतात. काही जण याला नाक मुरडतात: संग्रहालयात प्रदर्शन झालं की चित्रकाराची किंमत वाढते, मग गॅलरीने त्यात पैसे घालावेत का? प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं, की कुठली चित्रं लावायची हे जोवर स्वतंत्र अभ्यासक ठरवतो, आणि गॅलरीकडे विकायला नसलेली, लोकांच्या घरातली चित्रंही तेवढ्याच मानाने भिंतीवर येतात, तोवर मला त्यात काही गैर वाटत नाही. पटवर्धनांचं प्रदर्शन ज्यांनी पाहिलं त्यांना ते कसं साधतं ते दिसलं. मला खुपतं ते वेगळंच. या व्यवस्थेत गॅलरी नसलेल्या चित्रकाराला दारच नाही. त्याची पन्नास घरं कोणती, हेच कोणाला माहीत नसतं.

त्या दिवशी शेवटी आम्ही म्युझियममध्ये गेलो, जहांगीरला लागून असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. इथे लोक मूर्ती, लघुचित्रं आणि हत्यारं बघून परत फिरतात. पूर्वेकडच्या बाजूचं जहांगीर निकल्सन यांचं आधुनिक चित्रांचं दालन बहुतेकांना माहीतच नसतं. मुद्दाम विचारून जा. २०११ पासून ते इथे आहे. निकल्सन कापसाचे व्यापारी. १९६८ पासून त्यांनी याच रस्त्यांवरच्या गॅलऱ्यांत फिरून, चित्रकारांच्या घरी जाऊन, चित्रं विकत घेतली. २००१ मध्ये ते गेले तेव्हा आठशेच्या आसपास कामं जमली होती. आपल्या संग्रहाला शहरात घर मिळावं ही त्यांची इच्छा त्यांच्या मागे अशी पुरी झाली. मला हे दालन आवडतं कारण इथे गॅलरीपासून संग्रहालयापर्यंतचा रस्ता एका माणसाच्या पायांनी चाललेला दिसतो. आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या फ्रेमच्या बारीक पट्ट्या कुठे अजून टिकून असतील तर त्या शोधायचा माझा खेळ इथे रंगतो.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय त्या दिवशी जमलं नाही, पण पुतणीला चित्रकार अतुल दोडियांची गोष्ट सांगितली. घाटकोपरचा मुलगा, १९८९ मध्ये त्याचं पहिलं एकल प्रदर्शन केमोल्डमध्ये, जहांगीरच्या त्या पहिल्या मजल्यावर. पुढे त्याने दुकानाच्या लोखंडी शटरांवर चित्रं काढली. आम्ही दुकानदार शटरला फक्त तेल घालतो. आणि २०१४ मध्ये भाऊ दाजी लाडमध्ये जुन्या वस्तूंच्या मधोमध त्याचं प्रदर्शन. एक गॅलरी पंचवीस वर्षं एका चित्रकाराबरोबर राहिली आणि एका संग्रहालयाने जिवंत चित्रकाराला आपल्या कपाटांमध्ये जागा दिली, की असं होतं. पुतणीने विचारलं, "आणि ज्याच्याबरोबर कोणी राहिलं नाही?"

तिला त्या वहीबद्दल सांगितलं. कोल्हापूरचे मास्तर २०१६ मध्ये गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचा फोन आला. त्यांचे काही विद्यार्थी मिळून कोल्हापुरात शाहू स्मारकात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन करायचं म्हणतात, घरात फक्त थोडी चित्रं उरलीत, बाकीची वाटली, दिली, विकली. "दादा, मुंबईत कोणी कुठलं नेलं याची काही नोंद तुमच्याकडं असंल का?" मी खण उघडला. ब्याण्णव पानी वही, कव्हरवर शाळेचं नाव, आत मास्तरांचं सुवाच्य अक्षर: चित्र क्रमांक, नाव, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, जुने फोन नंबर. नऊ ओळी.

नंबर सगळे बदललेले. पत्त्यांवर पत्रं टाकली, काही ठिकाणी स्वतः गेलो. माहीमच्या एका घरात चित्र होतं, देवघराच्या वर, माझीच फ्रेम, पट्टी जराही वाकलेली नाही. फणसवाडीतली इमारत पाडलेली. एकांच्या मुलाने बोस्टनहून फोटो पाठवला, चित्राचा आणि मी सांगितल्यावर मागच्या बाजूचाही. मागे मास्तरांची सही, '१९९४' आणि कोपऱ्यात माझ्या दुकानाचा रबरी शिक्का. तो शिक्का मी तेव्हा जाहिरात म्हणून मारायचो. आज त्याच्यावरून चित्र ओळखलं गेलं.

तेव्हापासून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक चित्राच्या मागे मी अ‍ॅसिड नसलेल्या कागदाची चिठ्ठी लावतो. चित्रकार, साल, माध्यम, पहिल्यांदा कुठे लागलं. वेगळे पैसे घेत नाही. तीच नोंद एका वहीत करतो, आणि पुतणी ती रविवारी येऊन कॉम्प्युटरवर उतरवते.

नऊपैकी सहा सापडली आहेत. सातवं, पंचगंगेच्या घाटाचं, गेल्या आठवड्यात पुण्यात निघालं. काच फुटली आहे आणि माउंटला बुरशी धरली आहे, असं त्या बाईंनी फोनवर सांगितलं. गुरुवारी त्यांचा मुलगा ते घेऊन दुकानात येणार आहे. तोच सागवान काढून ठेवलाय, एक इंची.